ओकबाय हजर आहे का?

आश्रय मागायला आलेले लोक न्यायालयाच्या तारखेला येतात की नाही, हा प्रश्न त्या वर्षी अमेरिकेतल्या त्या शहराला फार सतावत होता. ज्यांना कोणाकडेच आश्रय मागायचा नव्हता, त्यांना तर तो विशेष सतावत होता. महापौरपदाचे दोन्ही उमेदवार त्यावर बोलत. न्हाव्याच्या दुकानात त्यावर पैजा लागत. एका संस्थेने घरोघर फिरून पाहणीही केली. त्या पाहणीत हब्तोमचे मत तेवढे नोंदवायचे राहिले, कारण पाहणी करणारी मुलगी आली तेव्हा तो तारखेला गेला होता.

हब्तोम मूळचा एरिट्रियातल्या मेंदेफेरा गावचा. विमानतळाजवळच्या पार्किंगमध्ये तो प्रवाशांना ने-आण करणारी छोटी बस चालवी. बायको लेताय आणि मुलगी दानाइत कंपाला शहरात एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या. हब्तोमला आश्रय मिळाला, तर त्याला त्या दोघींना बोलावता येणार होते; नाही मिळाला, तर त्यालाच परत पाठवले जाणार होते, आणि जिथे पाठवणार तिथल्या सैनिकांपासूनच तो पळाला होता. दानाइतने बापाला फक्त फोनवर पाहिले होते आणि त्याच्यामागे कायम गाड्याच गाड्या दिसत. 'माझे बाबा गाड्यांच्या शेतात राहतात,' असे ती शेजारणींना सांगे.

तारीख चुकवणे हब्तोमला परवडणारे नव्हते, म्हणून तो चुकवत नसे. न्यायालयाला ते परवडत असावे. पहिल्या तारखेला न्यायाधीश 'प्रलंबित प्रकरणे जलद निकाली काढणे' या विषयावरच्या शिबिराला गेले होते. दुसऱ्या तारखेला न्यायालयच जागेवर नव्हते. ते एका बंद पडलेल्या मॉलमधल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात हलले होते. हब्तोम विचारत विचारत तिथे पोहोचला तेव्हा दाराला कुलूप होते. तिसऱ्या तारखेला न्यायाधीश होते, इमारतही होती, पण दुभाषी तिग्रे भाषेचा निघाला. हब्तोमची भाषा तिग्रिन्या. नावात थोडाच फरक असल्यामुळे दोघांनी सांभाळून घ्यावे, असे न्यायालयाने सुचवले. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ सौजन्याने पाहिले आणि पुढची तारीख पडली. न्यायालयाची ही गैरहजेरी कुठेही नोंदलेली नाही. तशी नोंद करायला रकानाच नाही.

सुटीच्या संध्याकाळी हब्तोम गेब्रेआब काकांच्या कॉफीच्या दुकानात बसे. काकांना या देशात येऊन वीस वर्षे झाली होती, ते नागरिक झाले होते आणि नागरिक झाल्यापासून त्यांना देशाची काळजी वाटू लागली होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर चर्चा चालू असली की ते मान हलवत.

"हे नवे लोक तारखेला जातच नाहीत. आपलं नाव खराब करतात."

"काका, मी जातो ना प्रत्येक तारखेला," हब्तोम म्हणाला.

"तुझ्याबद्दल कोण बोलतंय? मी त्यांच्याबद्दल बोलतोय."

"ते म्हणजे कोण?"

"टीव्हीवर दाखवतात ते!"

काकांची बायको अलेमताई शेगडीवरच्या जबेन्यातून, म्हणजे कॉफीच्या मातीच्या सुरईतून, दुसऱ्या फेरीची कॉफी ओतत होती. ती म्हणाली, "तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे तीनदा वेळ घेतलीत आणि एकदाही गेला नाहीत. आधी ते बोला."

"दात माझे आहेत," काका गंभीरपणे म्हणाले. "देश सगळ्यांचा आहे."

चौथ्या तारखेच्या आदल्या दिवशी मात्र काकांनी हब्तोमला जवळ बसवून, मोठ्या माणसाने सांगावे तसे सांगितले. "हे बघ पोरा, न्यायाधीश विचारेल तेवढंच सांगायचं. आणि खरं तेच सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की खलास." हब्तोमने ते मनात कोरून ठेवले. पुढे जे झाले ते या सल्ल्यामुळे झाले, असे काका आजही कबूल करत नाहीत.

*

न्यायालयाचा प्रतीक्षाकक्ष त्या सकाळी खच्चून भरला होता. आया बाळांना घेऊन होत्या, म्हातारे होते, इस्त्रीचे शर्ट घातलेले तरुण होते. तेवढ्यात एका वाहिनीची बातमीदारीण कॅमेरावाल्याला घेऊन आत आली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि तिचा चेहरा पडला.

"एक विनंती होती," ती खुर्च्यांवरच्या लोकांना म्हणाली. "दोन मिनिटं जरा उठता का? आम्हाला रिकाम्या खुर्च्या हव्यात."

"कशाला?" कोणीतरी विचारले.

"जे येत नाहीत त्यांच्यावर बातमी आहे."

आश्रय मागणारा माणूस सहसा कोणाची विनंती मोडत नाही. सगळे उठले आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीला अंग चोरून उभे राहिले. एका बाईने रडू पाहणाऱ्या बाळाच्या तोंडात बोट दिले, म्हणजे आवाजाचा व्यत्यय नको. हब्तोमने तर स्वतःच्या खुर्चीवर राहिलेली टोपीसुद्धा धावत जाऊन उचलली. बातमीदारीण रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहिली आणि व्यथित स्वरात म्हणाली, "या खुर्च्यांवर आज माणसं असायला हवी होती." भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांनाही ते पटले. पाय दुखायला लागले होते.

मग आत बोलावणे आले. न्यायाधीश पडद्यावर काहीतरी वाचत होते आणि वर पाहत नव्हते. दुभाषी या वेळी तिग्रिन्याचीच होती, पण ती दुसऱ्या राज्यातल्या आपल्या घरी होती आणि टेबलावरच्या फोनमधून फक्त तिचा आवाज येत होता. कारकुनाने नाव पुकारले. "मिस्टर ओके, बाय?"

मागच्या बाकावरचे एक होंडुरसचे कुटुंब सुटी झाली असे समजून उठले आणि निघून गेले. त्यांची गैरहजेरी लागली.

फोनमधल्या बाईंनी नाव नीट उच्चारून आपल्या भाषेत विचारले, "ओकबाय हजर आहे का?"

एरिट्रियात आडनाव नसते. माणसाला स्वतःचे नाव असते आणि त्यामागे बापाचे. ओकबाय हे त्याच्या बापाचे नाव. बाप गणिताचा मास्तर होता. दीड वर्षासाठी म्हणून लष्करी सेवेत नेलेली पोरे बारा वर्षांनीही घरी येत नाहीत, तर हे गणित कसे सोडवायचे, असे त्याने गावच्या सभेत विचारले होते. सैनिक त्याच रात्री त्याला घेऊन गेले. त्यानंतर आई दर आठवड्याला हिंबाशाची भाकर कापडात बांधून तुरुंगाच्या फाटकाशी जाई आणि याच शब्दांत विचारी. ओकबाय आहे का? पहारेकरी म्हणे, त्या नावाचा माणूसच नाही. आई मरेपर्यंत विचारत राहिली.

आणि आज एक सरकार आपणहून विचारत होते! हब्तोमला काकांचा सल्ला आठवला. विचारले तेवढेच, आणि खरे तेच.

"नाही," तो म्हणाला.

"कुठे आहे?"

"माहीत नाही साहेब. सैनिक घेऊन गेले."

न्यायाधीशांनी पडद्यावरून नजर न काढता कारकुनाला विचारले, "आपले सैनिक?"

"आपल्याला तसं काही कळवलेलं नाही, सर."

"मग गैरहजर लिहा. एकतर्फी हद्दपारीचा आदेश. आपण कोण?"

"मी त्यांचा मुलगा."

"वडिलांना कळवा. कुटुंबातलं कोणीतरी आलं, हे मात्र कौतुकास्पद आहे."

हब्तोमने वाकून आभार मानले. आपले नाव केव्हा पुकारतील याची वाट पाहत तो कार्यालय बंद होईपर्यंत बाहेर बसून राहिला. मग पहारेकऱ्याने त्याला उठवले.

*

"बाबांना हद्दपार करणार आहेत!" त्याने संध्याकाळी दुकानात आनंदाने जाहीर केले.

"वेड लागलं का रे तुला?" काका म्हणाले.

"अहो काका, हद्दपार करायचं म्हणजे आधी शोधून काढावं लागेल. एवढं मोठं सरकार! यांना सापडेलच."

अलेमताई कॉफी ओतता ओतता थांबली. "हब्तोम," ती हळूच म्हणाली, "तुझ्या बसच्या परवान्यावर काय नाव आहे?"

"हब्तोम ओकबाय."

"मग या लोकांचा ओकबाय म्हणजे तूच की रे बाबा."

टीव्हीवर त्याच वेळी रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या. व्यथित स्वर ऐकू आला. काकांनी सवयीने मान हलवायला सुरुवात केली आणि मग अर्ध्यात थांबवली.

चर्चमध्ये फुकट सल्ला देणाऱ्या डोनेली नावाच्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कपाळ चोळले आणि म्हणाल्या, "आदेश रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो. पण गैरहजर का होतास, याचं सबळ कारण द्यावं लागतं. गंभीर आजार, घरात मृत्यू, असं काही."

"पण बाई, मी हजर होतो."

"ते कारण नियमात बसत नाही."

"हजर होतो हे?"

"नाहीच बसत. गैरहजर राहण्याचं कारण म्हणून 'हजर होतो' हे आजवर कोणी दिलेलं नाही. आजारी होतास का थोडासा? सर्दी वगैरे?"

"नव्हतो."

"पुराव्याला कोणी आहे?"

"खोलीभर माणसं होती."

"त्यांच्यातल्या निम्म्यांना आता गैरहजर ठरवलंय. त्यांची साक्ष कशी चालणार?"

शेवटी पुरावा टीव्हीनेच दिला. खुर्च्यांच्या मागे थंड पेयांचे एक यंत्र होते. त्याच्या काचेत कॅमेऱ्यामागची भिंत उमटली होती, आणि त्या भिंतीशी दाटीवाटीने उभी असलेली सगळी माणसे. त्यात हब्तोम होता, टोपी छातीशी धरून. डोनेलीबाईंनी ते दृश्य थांबवून, मोठे करून अर्जाला जोडले. उत्तर आले: 'अर्जदार आपली अनुपस्थिती दाखवण्याच्या कामी प्रतीक्षाकक्षात जातीने उपस्थित होता, असे दिसते. आदेश रद्द. नवी तारीख देण्यात येत आहे.'

"या वेळी काहीही झालं तरी 'हजर' म्हणायचं," डोनेलीबाईंनी बजावले.

"ते बाबांना विचारतात."

"असू दे. तू हजर म्हण."

काकाही म्हणाले, "अरे म्हण की! मास्तर काय हरकत घ्यायला येणार आहेत?" हे बोलून झाल्यावर त्यांना ते लागले, आणि त्यांनी हब्तोमला पैसे न घेता तिसरी कॉफी दिली. तशी तिसरी कॉफी ते कोणालाच पैसे घेऊन देत नसत. तो रिवाजच आहे. पण या वेळी त्यांनी ते बोलून दाखवले.

*

"ओकबाय हजर आहे का?" फोनमधल्या बाईंनी विचारले. त्यांच्या मागे कुकरची शिटी झाली.

हब्तोम उभा राहिला. आईने ज्या उत्तरासाठी त्या फाटकाशी इतके उन्हाळे काढले, ते आता त्याच्या जिभेवर होते.

"आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ओकबाय हजर आहे."

फोनमधल्या बाईंनी ते उत्तर आधी आपल्या भाषेतच हळू आवाजात पुन्हा म्हटले. त्या बाईंनाही तिकडची फाटके माहीत असावीत. मग त्यांनी भाषांतर केले.

सरकारी वकील हा गोरागोमटा, अतिशय सभ्य तरुण होता. तो लगबगीने उठला. "न्यायालयाने नोंद घ्यावी. ओकबाय यांना सैनिकांनी नेलं आणि पुन्हा कोणी पाहिलं नाही, असं अर्जात शपथेवर लिहिलंय. आणि आज ते धडधाकट उभे आहेत!"

"न्यायालयाला त्यांना पाहून आनंद होत आहे," न्यायाधीश पडद्याकडे पाहत म्हणाले.

डोनेलीबाई उठल्या. "सर, ओकबाय हे यांच्या वडिलांचं नाव आहे. यांच्यात आडनाव नसतं."

"आडनाव नसतं? मग एकमेकांना हाक कशी मारतात?"

"नावाने," हब्तोम म्हणाला.

न्यायालयाला हे उत्तर अपुरे वाटले. "मग मघाशी हजर आहे, असं कोण म्हणालं?"

"मी."

"तुम्ही ओकबाय?"

"मी हब्तोम."

"म्हणजे ओकबाय हजर आहे, हे खोटं?"

"साहेब, मागच्या वेळी खरं सांगितलं तेव्हा तुम्ही मला गैरहजर केलंत. म्हणून आज तुमच्या नियमाने बोललो."

"न्यायालयाचा असा कोणताही नियम नाही. न्यायालय फक्त विचारतं." न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा उजळला. "अडचण माझ्या लक्षात आली. व्यक्ती दोन आहेत आणि प्रकरण एकच. ही चूक आमचीच. आम्ही ती आत्ताच दुरुस्त करू."

कारकुनाने भराभर टंकलेखन केले आणि एका प्रकरणाची दोन झाली. न्यायाधीशांनी पहिले वाचले. ओकबाय यांना सभेत प्रश्न विचारल्याबद्दल सैनिकांनी उचलले. तुरुंगाने हात झटकले. हकिकत सुसंगत आणि विश्वासार्ह आहे. अर्जदार आज हजर असल्याची नोंद आहे. सरकारची हरकत? सभ्य तरुणाने विचार केला आणि नाही म्हटले. ओकबाय यांना आश्रय मंजूर झाला.

"आता हब्तोम. या नावाने या न्यायालयात आजवर कोणी हजर झाल्याची नोंद नाही. एकतर्फी हद्दपारी."

"सर, हा काय इथे उभा आहे!" डोनेलीबाई ओरडल्या.

"ते ओकबाय यांच्या प्रकरणात उभे आहेत," न्यायाधीशांनी समजावले. मग त्यांनी पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून हब्तोमकडे पाहिले आणि प्रसन्न हसले. "अभिनंदन, मिस्टर ओकबाय. आता तुम्ही तुमच्या कुटुंबाला बोलावून घेऊ शकता. पत्नी आणि मुलं."

"पत्नी वारली," हब्तोम म्हणाला. आईबद्दल असे म्हणताना त्याची जीभ अडखळली.

"ऐकून वाईट वाटलं. मुलगा?"

"आहे."

"एकवीस वर्षांखालचा? अविवाहित?"

"चौतीस वर्षांचा आहे. बायको आहे, एक मुलगी आहे."

"मग बसत नाही. सून आणि नात तर मुळीच बसत नाहीत. शिवाय तो मुलगा," न्यायाधीशांनी आवाज खाली आणला, "तारखेला येत नाही."

बाहेर आल्यावर डोनेलीबाई बराच वेळ गाडीच्या किल्ल्या शोधत राहिल्या. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या. "आपण वर दाद मागू," त्या म्हणाल्या. "तारीख पडेल. हजर राहायला लागेल."

"कोणी?"

बाईंनी खूप विचार केला. "दोघांनीही."

कंपालातून फोन आला तेव्हा हब्तोम बसमध्ये बसला होता, मागे गाड्याच गाड्या. निकाल काय लागला, असे लेतायने विचारले. आजोबांना परवानगी मिळाली, असे त्याने सांगितले, कारण खरे तेच सांगायची त्याला सवय होती. फोन दानाइतने हिसकावून घेतला.

"मग बाबा, आजोबांना सांगा ना, आम्हाला बोलवा म्हणून!"

*

महिनाअखेरीला न्यायालयाने आपली आकडेवारी जाहीर केली. आश्रयार्थींपैकी निम्मेच तारखेला येतात. त्या एका खोलीपुरता आकडा अगदी अचूक होता. ज्या दोन नव्या प्रकरणांचा निकाल त्या दिवशी लागला होता, त्यांतले एक हजर होते आणि एक गैरहजर. नमुना जरा लहान होता, इतकेच. एका उमेदवाराने 'निम्मे येतात!' म्हणून फलक लावले, दुसऱ्याने 'निम्मे येत नाहीत!' म्हणून. दोन्ही फलकांवर रिकाम्या खुर्च्यांचे तेच चित्र होते. दुकानात काकांनी बातमी ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मग त्यांचे लक्ष गेले. "अरे हब्तोम, खुर्ची रिकामी आहे की. उभा का? बस."

"बसतो," हब्तोम म्हणाला, आणि टीव्हीवरचे चित्र बदलेपर्यंत भिंतीशीच उभा राहिला.

वाचकहो, तो आकडा पुढे फिरत फिरत आपल्याकडेही आला असेल. सकाळच्या चहाबरोबर आपण तो वाचला असेल, 'निम्मेच येतात म्हणे' असे घरात कोणाला तरी ऐकवले असेल आणि पान उलटले असेल. आपल्या पुढ्यातले ते पान नीट उघडे मिळावे, मध्ये कोणाचे डोके येऊ नये, म्हणून पलीकडे काही माणसे अजून भिंतीला अंग चोरून उभी आहेत. आपले वाचून झाले असेल, तर त्यांना बसायला सांगायचे का?